चार्जिंगचा लाल दिवा रात्रीच मिणमिणतो, मीटर म्हणतो सगळं ठीक

रातपाळी

नमस्कार. गाडी १९९४ ची, पेट्रोल, कार्बोरेटरवाली. मामांनी चालवणं सोडलं तेव्हा माझ्याकडे आली, त्याला सहा वर्षं झाली. गेला दीड महिना डॅशबोर्डवरचा बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा मला छळतोय.

छळतोय म्हणजे धड लागत नाही आणि धड विझतही नाही. चावी फिरवली की व्यवस्थित लागतो, गाडी सुरू झाली की व्यवस्थित विझतो. दिवसा काहीच नाही. रात्री दहाला कामावर जायला निघते, आणि पाच-दहा मिनिटांत तो मिणमिणायला लागतो. लाल म्हणण्याइतकासुद्धा लाल नाही. विझत आलेल्या उदबत्तीचं टोक अंधारात दिसतं ना, तेवढाच. पहिल्या रात्री वाटलं मागच्या गाडीच्या दिव्याचं प्रतिबिंब असेल, म्हणून हाताचा आडोसा केला, तर जास्तच दिसायला लागला.

तेव्हाच गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं होतं. माझ्या गाडीत अल्टरनेटरचाच, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राचाच, बेल्ट वॉटर पंप फिरवतो, तो तुटला असता तर दिव्याच्या आधी इंजिनाची काळजी. बेल्ट जागेवर होता, तापमानाचा काटाही.

आतापर्यंत झालेलं असं: बॅटरी नवी टाकली. जुनी पाच वर्षांची होती, त्यामुळे त्याचं फार वाईट वाटलं नाही. मग बेल्ट नवा. मग अल्टरनेटर उतरवून कार्बन (आतल्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ठोकळे) आणि कटआउट (व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) बदलले. जुने कार्बन मेकॅनिकने मला दाखवले, चांगले आठ-नऊ मिलिमीटर उरले होते, म्हणजे बदलायची घाई नव्हतीच. दर वेळी “आता नाही लागणार” आणि दर वेळी त्याच रात्री हजर. आता त्यांचं म्हणणं, अख्खा अल्टरनेटरच बदलू.

इथे मी थांबले आणि एक साधा डिजिटल मीटर घेतला. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट. गाडी सुरू केल्यावर १४.२. हेडलाइट लावले तर १४.०. अल्टरनेटरच्या बारीक वायरपासून दिव्यापर्यंत आणि चावीपासून फ्यूजपर्यंत वायर तुटली आहे का तेही तपासलं, सगळीकडे बीप वाजला, म्हणजे तुटलेली नाही. इंडिकेटरही हल्ली मधूनच आळसावल्यासारखा टिकटिकतो, पण तो वेगळा विषय, त्याचा रिले नंतर बघेन.

प्रश्न एवढाच: बॅटरीला चौदा व्होल्ट मिळत असताना हा दिवा कशाच्या जोरावर पेटतोय? आणि अल्टरनेटर बदलू का?

धूर_निळा

डायोड, म्हणजे अल्टरनेटरमधला वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग. डोळे मिटून सांगतो. माझ्या गाडीत हेच झालं होतं, दिवा अर्धवट लागायचा आणि दोन दिवस उभी राहिली की बॅटरी पार उतरलेली. अल्टरनेटर बदलला, विषय संपला. खात्री करायची असेल तर गाडी चालू ठेवून बॅटरीची एक तार काढा. गाडी बंद पडली तर अल्टरनेटर गेला समजायचं.

चौथा_गिअर

जुन्या गाडीत कुठलाही दिवा वेडेपणा करायला लागला की आधी अर्थिंग, म्हणजे बॉडीतून जाणारी मायनसची जोडणी, बघायचं. इंजिनापासून बॉडीला जाणारी विणलेली पट्टी काढा, दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासा, घट्ट करा. बॅटरीचे टर्मिनलही. फुकटातलं काम आहे. अल्टरनेटर नंतर.

निवृत्त_वायरमन

चालू गाडीची बॅटरी काढू नका. हे आधी लिहितो कारण कोणीतरी उद्या खरंच काढेल. डायनॅमोच्या जमान्यातली ती युक्ती, तेव्हा खपून जायची. अल्टरनेटरला बॅटरी गादीसारखी असते, धक्के ती पचवते. भार चालू असताना ती काढली की व्होल्टेज क्षणभर कुठच्या कुठे उसळतं आणि कटआउट, डायोड, इग्निशनचं मॉड्यूल यांतलं जे नाजूक असेल ते जातं. आणि एवढं करून कळत काहीच नाही. एक-दोन डायोड गेलेला अल्टरनेटरसुद्धा इंजिन चालू ठेवतो.

आता दिवा. पुष्कळ लोकांना वाटतं हा दिवा बॅटरीचा आहे, चित्र बॅटरीचं असतं म्हणून. तो बॅटरी मोजत नाही. तुमच्या काळच्या गाडीत त्या बल्बचं एक टोक चावीतून येणाऱ्या प्लसला असतं आणि दुसरं अल्टरनेटरच्या डी प्लसला, म्हणजे ती बारीक वायर. चावी फिरवली, इंजिन थांबलेलं आहे, तर करंट बल्बमधून जाऊन रोटरच्या, म्हणजे अल्टरनेटरच्या आतल्या फिरत्या भागाच्या, कॉइलमधून अर्थ होतो. बल्ब लागतो. तोच थोडासा करंट रोटरला चुंबक करतो, म्हणून अल्टरनेटर जागा होतो. इंजिन सुरू झालं की डी प्लसवरही चौदा व्होल्ट येतात. आता बल्बच्या दोन्ही अंगांना चौदा. दोन माणसांनी दोन बाजूंनी सारख्याच जोराने दार लोटलं तर दार जागचं हलत नाही. बल्ब विझतो.

मग मिणमिणला याचा अर्थ काय, तर दोन अंगांत फरक पडला. दीड-दोन व्होल्टचा. पूर्ण पेटायला बारा लागतात, दोनमध्ये तो तुमची उदबत्ती होतो. आता कुठलं अंग खाली गेलंय ते शोधायचं. आजवर तुमच्या गाडीचं जे जे बदललं ते सगळं अल्टरनेटरच्या अंगाचं. चावीच्या अंगाला कोणी हात लावलेला दिसत नाही.

अर्थिंगबद्दल: पट्टी घासा, वाया जात नाही. पण पट्टी सैल असेल तर बॅटरी नीट भरत नाही, सेल्फ जड फिरतो. बल्बची दोन्ही टोकं मात्र प्लसचीच आहेत, ती एकत्रच वर-खाली होतील आणि बल्बला त्यातलं काही दिसणार नाही. तो वेगळा आजार.

दोन कामं करा. पहिलं, रात्री काय काय चालू असतं ते एकेक करून लावा आणि दिव्याकडे बघा. नुसते हेडलाइट. नुसता ब्लोअर. नुसते वायपर. दुसरं, ज्याने दिवा लागेल ते चालू ठेवून मीटरने चार ठिकाणी मोजा: बॅटरीवर, अल्टरनेटरच्या जाड तारेच्या बोल्टपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत, डी प्लसपासून बॉडीपर्यंत, आणि डॅशबोर्डच्या दिव्यांना प्लस देणाऱ्या फ्यूजपासून बॉडीपर्यंत. बॅटरीवर एकदा मीटर एसी व्होल्टवर ठेवूनही आकडा घ्या. डायोड गेला असेल तर तिथे अर्ध्या व्होल्टच्या आसपास किंवा वर दिसेल, म्हणजे धूर_निळा यांच्या शंकेचाही निकाल लागेल. मोजताना ओढणी, बाह्या, केस पंख्यापासून लांब.

आणि इंडिकेटर वेगळा विषय आहे असं मला वाटत नाही.

धूर_निळा

बॅटरी काढायचं मागे घेतो. आमच्या इथे सगळे तसंच करायचे. डायोड मात्र मागे घेत नाही.

रातपाळी

रात्रीपर्यंत दम निघेना म्हणून दुपारीच केलं. डॅशबोर्डवर जाडी चादर टाकली आणि आत डोकं घातलं. एक मुलगा बराच वेळ खिडकीतून बघत होता, शेवटी त्याने विचारलं, तुम्ही फोटो काढताय का.

पहिली गोष्ट म्हणजे दिवा दिवसाही लागतो! उजेडात दिसत नाही इतकंच. दीड महिना मी “फक्त रात्री” म्हणून सगळ्यांना सांगत होते.

नुसते हेडलाइट: काही नाही. लांबचा बीम: काही नाही. वायपर: असल्यासारखा वाटतो, पण शपथेवर सांगणार नाही. ब्लोअर एकवर: नाही. दोनवर: हलका. चारवर: हा बघा आला. बंद केला की गेला. पाच वेळा करून बघितलं, पाचही वेळा तेच. रात्री काच धूसर होते म्हणून मी निघाल्यावर थोड्याच वेळात ब्लोअर लावते, आणि हेडलाइटही तेव्हाच लावलेले असतात, म्हणून मी हेडलाइटला दोष देत होते.

आणि ब्लोअर चारवर असताना इंडिकेटर लावला. टिक… टिक… झोपेत असल्यासारखा. ब्लोअर बंद केल्याबरोबर पूर्वीसारखा टिकटिक टिकटिक. मला माझाच राग आला.

आकडे, ब्लोअर चारवर, थोडी रेस देऊन:
बॅटरीवर १३.९. एसीवर ०.०४.
जाड तारेचा बोल्ट ते बॅटरी प्लस ०.१.
डी प्लस ते बॉडी १४.०.
डॅशबोर्डचा फ्यूज ते बॉडी १२.१.

शेवटचा आकडा तीनदा घेतला, मला वाटलं फ्यूजवर टोक नीट टेकत नाहीये. १२.१ च. ब्लोअर बंद केला की तिथेच १३.८.

निवृत्त_वायरमन

झकास मोजलंत.

एका अंगाला १४.०, दुसऱ्याला १२.१. फरक १.९. तुमचा बल्ब त्यावर पेटतोय. अल्टरनेटर निर्दोष आहे, उतरवू नका. कार्बन, कटआउटही निर्दोष होते, पण ते आता झालं.

धूर_निळा, तुमचा डायोड खराच असणार. तुमची बॅटरी उभ्या उभ्या उतरत होती, कारण मेलेल्या डायोडमधून करंट उलटा झिरपतो. यांची रात्रभर उभी राहून १२.६ आहे, आणि एसीला ०.०४. डी प्लसला वीज देणारे तीन छोटे डायोड वेगळे असतात, त्यातला एक गेला तरी दिवा असाच मिणमिणतो, पण मग डी प्लसचा आकडा बॅटरीपेक्षा खाली आला असता. इथे तो उलट वर आहे.

आता जे सांगतो ते जरा गंभीर आहे. बॅटरीला १३.९ आणि फ्यूजला १२.१, म्हणजे वाटेत १.८ व्होल्ट कुठेतरी खर्च होतात. व्होल्ट हरवत नाहीत, त्यांची उष्णता होते. ब्लोअर चारवर धरा पंधरा अँपिअर ओढत असेल. १.८ गुणिले १५ म्हणजे २७ वॅट. छोटं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. तुमच्या डॅशबोर्डच्या मागे, प्लास्टिकमध्ये आणि धुळीत, एक सोल्डरिंग आयर्न दररोज रात्री चालू राहतंय. जागा सापडेपर्यंत ब्लोअर लावू नका. काच पुसायला फडकं ठेवा आणि खिडकी बोटभर उघडी.

तुमचा बीप का फसला तेही सांगतो. १.८ भागिले १५ म्हणजे ०.१२ ओहम. एवढ्या रोधाला मीटर बिनधास्त बीप देतो, कारण मीटरचा करंट मुंगीएवढा. शंभर धाग्यांच्या तारेतले नव्याण्णव तुटले आणि एक उरला तरी बीप येतो. त्या एका धाग्यावरून पंधरा अँपिअर पाठवले की खरं रूप कळतं. म्हणून मोजायचं ते भार चालू असताना, आणि ओहमवर नाही, व्होल्टवर.

शोधायची रीत: इंजिन बंद, चावी ऑन, ब्लोअर चारवर. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला कायमचं चिमटा लावून. त्याला लांब वायर जोडून घ्या. दुसरं टोक वाटेवरून पुढे पुढे न्यायचं: चावीच्या स्वीचमध्ये येणारी जाड तार, स्वीचमधून बाहेर पडणारी, मग फ्यूज बॉक्सचा कपलर (वायरी एकमेकींना जोडणारा प्लास्टिकचा प्लग), त्याच्या अलीकडे आणि पलीकडे. आकडा शून्याजवळून सुरू होईल आणि हळूहळू चढेल. जिथे एकदम उडी मारेल तिथेच तुमचा गुन्हेगार. वायर सोलू नका, कपलरच्या मागच्या बाजूने सुईसारखं टोक सरकवा. टोक चुकून बॉडीला टेकू देऊ नका. आणि चावी एका वेळी दोन-तीन मिनिटांच्या वर ऑन ठेवू नका, इंजिन बंद असताना जुन्या गाड्यांची इग्निशन कॉइल तापते.

माझा अंदाज स्वीच नाही तर कपलर. अंदाजावर काही बदलू नका.

चौथा_गिअर

मधेच घुसतो. माझ्या गाडीत हा दिवा चावी फिरवल्यावरही लागत नाही. कधीच नाही. म्हणजे चार्जिंग एकदम उत्तम समजायचं ना?

निवृत्त_वायरमन

नाही. बल्ब गेला असेल किंवा डी प्लसची वायर निघाली असेल. ती वायर काढून चावी ऑन ठेवून बॉडीला टेकवा. बल्ब लागला तर बल्ब आणि वायर चांगली, दोष अल्टरनेटरमध्ये, बहुधा कार्बन. नाही लागला तर बल्ब बघा. बल्ब नसेल तर पुष्कळ गाड्यांत अल्टरनेटर जोरात रेस दिल्याशिवाय जागाच होत नाही. सकाळी बॅटरी मोजून नवीन धागा काढा, इथे यांचं चाललंय.

रातपाळी

सापडला.

स्वीचमध्ये येणारी तार ०.१. स्वीचमधून बाहेर ०.२. कपलरच्या अलीकडे ०.३. कपलरच्या पलीकडे १.६. मी पायांजवळ उताणी पडून, पाय सीटवर, तोंडात टॉर्च धरून हे वाचत होते आणि १.६ दिसल्यावर टॉर्च तोंडातून पडला.

बॅटरीची तार काढली आणि मग कपलर ओढला. निघेचना. सहा पिनांचा पांढरा कपलर आहे, त्यातली पाच पिनांची घरं पांढरी आणि सहाव्याभोवतीचं प्लास्टिक काळ्या चहाच्या रंगाचं, एका बाजूने ओघळून पिनेला चिकटलेलं. खूप हलवून सुटला. आतली पिन निळसर काळी पडली आहे आणि तिला धरणारी पितळेची पकड सैल, बोटाने हलते. बाकीच्या पाच अजून घट्ट चावतात. त्या पिनेकडे येणारी वायर दोन बोटं लांबीपर्यंत कडक झाली आहे, वाकवली तर वरचं रबर कोरड्या काडीसारखं तडकतं. वासही होता. हा वास मी गाडीत कित्येक दिवस घेत होते आणि जुन्या गाडीचा वास म्हणून सोडून देत होते.

हे मात्र मी स्वतः केलं नाही. वायरिंगचं काम करणाऱ्याकडे नेलं आणि कपलर दाखवला. त्यांनी कडक झालेली वायर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापली, तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा आणि नवीन पिना दाबून बसवल्या. ती एक जोडणी त्यांनी जुन्या कपलरमधून बाहेर काढून वेगळ्या जाड कपलरने केली, कारण जुन्याचं ते घर वितळलेलं.

आता ब्लोअर चारवर: बॅटरी १३.९, फ्यूज १३.६. चादरीत डोकं घालून बघितलं, काळाकुट्ट. इंडिकेटर खडखडीत. वायपरसुद्धा वेगात फिरतात, ते हळू झाले होते हे मला आत्ता कळलं.

अल्टरनेटर बदलायला सांगणाऱ्यांना जळका कपलर नेऊन दाखवला. त्यांनी उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, “हे कोणी शोधलं?” मी म्हटलं, मी. तुमचं नाव मला कुठे माहीत आहे!

धूर_निळा

डायोड मागे घेतला.

निवृत्त_वायरमन

छान. एकच राहिलं. ती पकड तीस वर्षं टिकली आणि आताच का सैल झाली? वयाने होतं तसं, पण कधी कधी ब्लोअरची मोटरच जास्त करंट ओढत असते. मोटरचा दांडा ज्यात फिरतो त्या बुशमधलं तेल सुकलं की मोटर जड फिरते आणि पंधराच्या जागी वीस मागते. फ्यूज तेवढ्याने उडत नाही, सगळ्यात कमकुवत पिन मात्र भाजते. नवीन पिनही मग भाजेल. तुमचा ब्लोअर आवाज करतो का?

रातपाळी

चिवचिवतो. सुरू करताना, थंड असताना. दोन वर्षं तरी झाली. मला वाटायचं पाचोळा अडकलाय.

निवृत्त_वायरमन

मोटर उतरवा. तुमच्या वयाच्या बहुतेक गाड्यांत ती ग्लोव्ह बॉक्सच्या मागे खालच्या अंगाला असते, दोन-तीन स्क्रू आणि एक कपलर. पाचोळा असेल तर निघेल, दोन्ही बुशला मशीन ऑइलचा एकेक थेंब, जास्त नाही. हाताने फिरवून सोडली की चार-पाच फेरे आपोआप फिरली पाहिजे. खरखरत थांबली तर दुसरी बघा. खाली काहीतरी पसरून ठेवा, तीस वर्षांचा कचरा अंगावर येतो.

रातपाळी

रविवारी करते. चादर आहेच.